किती आवळायचं?

गेले दोन महिने इथे काहीच खरडलं नाही, त्याचं कारण माझा डावा गुडघा. रविवारी सकाळी हापिसातली पोरं टर्फवर फुटबॉल खेळतात, त्यांच्यात मीही (वय पस्तीस, पोट पंचेचाळीस) हौसेने उतरलो. पाय रोवला, अंग वळलं, गुडघा काही वळला नाही. 'टक्' असा आवाज माझा मलाच ऐकू आला. पुढचं सगळं ठरलेलं. एमआरआय, 'एसीएल गेलंय' हे निदान, ऑपरेशन, आणि मग वॉकर घेऊन घरभर ठक ठक करत फिरणारा मी.

दुखणार हे गृहीत धरलं होतं. जे गृहीत धरलं नव्हतं ते तीन आठवड्यांनी कळलं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. डावी मांडी उजवीपेक्षा साडेतीन सेंटीमीटरने बारीक! तीन आठवड्यांत! बरं, नुसती बारीक असती तरी चाललं असतं. "मांडी आवळून धरा बघू," असं मॅडम म्हणायच्या, मी मेंदूतून हुकूम सोडायचो आणि मांडी ढिम्म. गुडघ्याला सूज असली की मांडीच्या स्नायूला जाणारा हुकूमच वाटेत दाबला जातो म्हणे. स्वतःचा पाय स्वतःचं ऐकत नाही हा अनुभव फार वाईट असतो मंडळी. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

"मग आता वजनं उचलायला सुरुवात करू या का?" मी विचारलं.

"अहो, इतक्यात कुठे? आत बसवलंय ते लिगामेंट अजून कच्चं आहे."

म्हणजे झाली का पंचाईत? वजन उचलल्याशिवाय स्नायू वाढणार नाही, आणि वजन उचललं तर गुडघा जाणार. सॉफ्टवेअरमध्ये याला डेडलॉक म्हणतात. मॅडमनी कपाटातून रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखा, पण चांगला रुंद पट्टा काढला, माझ्या मांडीवर अगदी वर, जांघेजवळ गुंडाळला, त्यात हवा भरली आणि पायाला फक्त अर्ध्या किलोचं वजन बांधलं. "तीस वेळा पाय सरळ करायचा." मनात म्हटलं, हे तर माझी सहा वर्षांची पोरगीही करेल. विसाव्या वेळी मांडीत आग पेटली. तिसाव्या वेळी डोळ्यांत पाणी. अर्ध्या किलोला!

पायाचं रक्त अडवलं की स्नायू वाढतो, हे ज्याला सुचलं तो माणूस कोण असेल, या कुतूहलापोटी मी रात्री आंतरजालावर खणायला बसलो. आणि हाती लागला तो चारशे वर्षांचा इतिहास, ज्यात माणसं एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारताना दिसतात : किती आवळायचं?

सुरुवात करावी लागते विल्यम हार्वेपासून. शाळेत आपण 'हार्वेने रक्ताभिसरणाचा शोध लावला' एवढं एक वाक्य पाठ केलेलं असतं. त्याने १६२८ साली लॅटिनमध्ये छापलेल्या छोट्याशा पुस्तकात एक प्रयोग आहे, जो त्याने साध्या फडक्याने केला. दंडाला फडकं अगदी करकचून बांधलं तर मनगटाची नाडी बंद पडते, हात थंड पडत जातो. तेच फडकं थोडं सैल केलं, म्हणजे मध्यम आवळलेलं ठेवलं, तर हात लाल होतो, फुगतो, शिरा टरारून वर येतात. का? धमन्या खोल असतात आणि त्यांच्यात दाब जास्त असतो. शिरा वरवर असतात आणि त्यांच्यात दाब कमी असतो. मध्यम आवळलं की रक्त धमन्यांतून आत येत राहतं, पण शिरांतून परत जाऊ शकत नाही. त्यावरून हार्वेने सिद्ध केलं की रक्त एका वाटेने हातात येतं आणि दुसऱ्या वाटेने परत जातं. माझ्या मांडीवरचा पट्टा नेमकं हेच करत होता. हार्वेचं 'मध्यम आवळणं'!

त्यानंतरची अडीचशे-तीनशे वर्षं मात्र सगळ्यांना रस होता तो करकचून आवळण्यात, कारण पाय कापायचा तर रक्त थांबवायला हवं. १७१८ साली जाँ-लुई पती या फ्रेंच शल्यविशारदाने स्क्रू फिरवून आवळायचा पट्टा केला. १८७३ साली जर्मनीच्या एस्मार्कने रबरी पट्टी आणली. पण रबर किती आवळलं जातंय हे मोजायची काही सोयच नव्हती, आणि त्यापायी रुग्णांच्या नसा चेंगरायच्या. अमेरिकेतला हार्वी कुशिंग हा मेंदूचा प्रसिद्ध सर्जन. त्याने इटलीत रिव्हा-रोची यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र पाहिलं होतं. १९०४ साली त्याने तीच कल्पना उचलून हवा भरायचा पट्टा सुचवला. आता दाबाला आकडा मिळाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जरा जिमकडे वळू. आपल्याला जिममध्ये पहिल्या दिवशी 'दहाचे तीन सेट' असं सांगतात ना, त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये जखमी सैनिकांची रांग लागलेली होती. गुडघ्याचे रुग्ण महिनोन्‌महिने सुधारत नव्हते, कारण व्यायाम म्हणजे हलकी वजनं आणि भरपूर वेळा अशीच तेव्हाची रीत होती. तिथला लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म स्वतः लहानपणी आजारी पडून वजनं उचलून उभा राहिलेला. त्याने सैनिकांना जड वजनं दिली आणि ती टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. १९४५ साली त्याने त्यावर निबंध लिहिला, आणि 'ताकद हवी तर वजन जड हवं' हा नियम होऊन बसला. पुढे नियमाला आकडाही आला : एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं, त्याच्या निदान ६०-७० टक्के.

या नियमामागचं कारण हार्वर्डच्या एलवुड हेनेमनने शोधून काढलं. १९५७ आणि १९६५ सालच्या त्याच्या निबंधांतून पुढे आलेली गोष्ट अशी : स्नायू म्हणजे एक अखंड दोरखंड नाही. त्यात मज्जापेशींनी चालवलेल्या तुकड्या असतात. जोर कमी लागणार असेल तर आधी छोट्या, न दमणाऱ्या तुकड्या कामाला लागतात. जोर वाढेल तशा मोठ्या, ताकदवान पण पटकन दमणाऱ्या तुकड्या उठतात. (आमच्या हापिसात याच्या बरोबर उलट होतं. असो.) म्हणजे मोठ्या तुकड्यांना जागं करायचं तर वजन जड हवं. तर्क बिनतोड. मग माझ्या अर्ध्या किलोने मांडीत आग कशी लागली?

त्याचं उत्तर एका जपानी मुलाच्या मुंग्या आलेल्या पायात होतं.

साल १९६६. योशिआकी सातो तेव्हा अठरा वर्षांचा होता, शरीर कमावायचं वेड असलेला. एका बौद्ध श्राद्धविधीला तो जपानी पद्धतीने, म्हणजे जवळजवळ आपल्या वज्रासनासारखा, टाचांवर बसला होता. विधी लांबला. पोटऱ्या सुन्न होऊन ठणकायला लागल्या. आपण पंगतीत बसून बसून पायाला मुंग्या आल्या तर काय करतो? पाय झटकतो आणि मठ्ठ्याची वाटी पुढे करतो. सातोला वाटलं, ही पोटरी तर जड व्यायामानंतर फुगते तशी लागतेय. दोन्हींत एकच काही घडत असेल का?

घरी जाऊन त्याने हातापायांना सायकलच्या ट्यूब, दोऱ्या, पट्टे बांधून व्यायाम सुरू केला. कधी घट्ट, कधी सैल, दंडावर, मांडीवर, पोटरीवर, आणि सगळं वहीत टिपून ठेवलं. शिकवायला कुणी नाही, मोजायला काही नाही, प्रयोगाचा उंदीर तो स्वतःच. या भानगडीत त्याच्या फुफ्फुसात एकदा रक्ताची गुठळीही अडकली. थोडक्यात जीव वाचला म्हणायचं.

१९७३ साली स्कीइंग करताना तो पडला. घोटा मोडला, गुडघाही दुखावला. प्लास्टर घातलं, सहा महिने लागतील असं डॉक्टर म्हणाले. सातोने प्लास्टरच्या वर मांडीला पट्टा बांधायचा, थोडा वेळ आवळायचा, सोडायचा, पुन्हा आवळायचा, असा क्रम दिवसातून तीनदा चालवला. त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे पाय बारीक झालाच नाही आणि दीड महिन्यात तो बरा झाला. या पद्धतीला त्याने नाव दिलं 'काआत्सु'. 'का' म्हणजे वाढवणं, 'आत्सु' म्हणजे दाब. १९८३ पासून तो लोकांना शिकवू लागला.

एकट्या माणसाचा स्वतःबद्दलचा दावा, आणि तोही पद्धत विकणाऱ्याचा. आपण अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. पण सातोचं एक बरं की तो विद्यापीठाचं दार ठोठावत राहिला. टोकियो विद्यापीठातले स्नायूंचे अभ्यासक नाओकाता इशिई यांनी ते उघडलं, आणि २००० साली त्यांच्या गटातले ताकाराडा यांचे निबंध एकामागून एक आले.

एकात मध्यमवयीन आणि वयस्कर स्त्रियांनी सोळा आठवडे पट्टा बांधून हलक्या वजनाने दंडाचा व्यायाम केला. दंड वाढला तो जड वजन उचलणाऱ्या गटाइतकाच. त्याच निबंधात स्नायूंच्या विजेची मोजणी होती. पट्टा आवळला की तेवढ्याच वजनाला स्नायूत जास्त वीज खेळते, म्हणजे जास्त तुकड्या उठतात. दुसऱ्या निबंधातले रुग्ण तर माझेच भाऊबंद, एसीएलचं ऑपरेशन झालेले. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत नुसता पट्टा आवळायचा आणि सोडायचा, व्यायाम नाहीच. ज्यांना हे केलं नाही, त्यांच्या मांडीपुढच्या स्नायूचा छेद २०.७ टक्क्यांनी घटला. ज्यांना केलं, त्यांचा ९.४ टक्क्यांनी. प्लास्टरमधल्या सातोने १९७३ साली जे सांगितलं, त्याला सत्तावीस वर्षांनी आकडा मिळाला.

तिसरा निबंध सगळ्यात गाजला. सहा तरुण खेळाडूंनी पट्टा बांधून जेमतेम २० टक्के वजनाने व्यायाम केला, आणि रक्तातलं ग्रोथ हार्मोन सुमारे २९० पट झालं. २९० पट! हा आकडा जगभर फिरला, अजूनही फिरतो. पट्टे विकणाऱ्या कुठल्याही साइटवर जा, तो दिसेलच. गंमत म्हणजे आकडा खरा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकला नाही. २०१० च्या आसपास कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात स्टुअर्ट फिलिप्स यांच्या गटाने दाखवलं की व्यायामानंतर घटकाभर उसळणाऱ्या अशा हार्मोनमुळे स्नायू काही जास्त वाढत नाहीत.

मग वाढतात कशाने? अर्धं उत्तर हेनेमनच्याच नियमात दडलेलं होतं. पट्ट्याखाली ऑक्सिजन कमी पडतो, कचरा साठतो, आणि न दमणाऱ्या छोट्या तुकड्याही लवकर दमतात. काम तर चालूच ठेवायचंय, त्यामुळे शरीर नाइलाजाने मोठ्या तुकड्यांना उठवतं. मोठ्या तुकड्यांना जाग येते ती वजनाने नव्हे, तर एकूण गरज वाढल्याने. हेनेमन चुकला नव्हता, आपण त्याचा अर्थ आखूड लावला होता. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या प्रयोगात (२००७) पट्टा बांधून २० टक्के वजनाने केलेल्या व्यायामानंतर स्नायूत नवी प्रथिनं तयार होण्याचा वेग ४६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आणि २०१२ साली मॅकमास्टरच्याच मंडळींनी दाखवलं की पट्टा नसतानाही ३० टक्के वजन अगदी दमून थांबेपर्यंत उचललं, तर स्नायू ८० टक्के वजनाइतकाच वाढतो. ताकद मात्र जड वजनानेच जास्त वाढते. म्हणजे पट्टा ही जादू नाही, दमण्याचा आडरस्ता आहे. ज्याच्या सांध्याला जड वजन आणि शंभर-दीडशे फेऱ्या दोन्ही झेपत नाहीत, त्याच्यासाठी काढलेला. निरोगी माणसाने जड वजन उचललं तर स्नायू पट्ट्याच्या व्यायामापेक्षा जास्तच जागा होतो. हेही सांगायला हवं, नाहीतर उद्या तुम्ही सगळे पट्टे मागवाल.

आणि इथे मला माझा गाढवपणा सांगायचा आहे.

हे सगळं वाचून माझ्या डोक्यात सातो शिरला. त्याने सायकलची ट्यूब बांधली, मग आपण घरी क्रेप बँडेज बांधायला काय हरकत आहे? मॅडम आठवड्यातून तीनदा करतात, आपण रोज करू, दुप्पट वेगाने बरे होऊ. (डेडलाइन जवळ आली की आम्ही माणसं वाढवतो, त्याच जातीचा विचार.) शनिवारी दुपारी सोफ्यावर बसून मांडीला बँडेज करकचून आवळलं आणि सुरू झालो. मॅच चालू होती, तिच्या नादात बँडेज तसंच राहिलं. किती वेळ, खरंच सांगता येणार नाही. खाली पाहिलं तर पाऊल जांभळट, हात लावला तर थंड, आणि हात लावलेला पावलाला कळत नव्हता. घाईघाईने सोडलं. रात्रभर पोटरी दुखत राहिली.

सोमवारी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आधी डॉपलर करून या, मग बोलू," एवढंच म्हणाल्या. ऑपरेशननंतर पायात गुठळी व्हायची शक्यता तशीही वाढलेली असते, आणि मी त्यात भर घातली होती. सोनोग्राफीच्या बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं पाऊण तास बसलो होतो. बायको एक शब्द बोलली नाही. नंबर पुकारला तेव्हा फक्त म्हणाली, "पोरीला शाळेतून आणायला आज तू जाणार होतास."

रिपोर्ट स्वच्छ आला. हुश्श.

जपानमध्ये २००६ साली नाकाजिमा आणि सहकाऱ्यांनी काआत्सु करणाऱ्या सुमारे १२,६०० लोकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्वचेखाली रक्त साकळून डाग पडणं १३.१ टक्के, बधिरपणा १.३ टक्के, शिरेत गुठळी ०.०५५ टक्के, ती फुफ्फुसात जाणं ०.००८ टक्के. आकडे छोटे आहेत, पण ते शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखालचे आहेत. सोफ्यावर क्रेप बँडेज बांधून मॅच बघणारे त्यात नाहीत.

मी नेमकं काय चुकलो होतो? उत्तर पुन्हा तेच, किती आवळायचं. सातोला ते तळहाताच्या अंदाजाने कळायचं, पण ते कळायला त्याची उमेदीची वर्षं आणि एक फुफ्फुस पणाला लागलं. सगळ्यांना एकच दाब द्यावा तर तेही चूक. जाड मांडीला जो दाब जेमतेम पुरतो तो सडपातळ मांडीला गळफास होतो. पट्टा जितका अरुंद तितका तो जास्त दाबाने आवळावा लागतो. ही गाठ सुटली ती कुशिंगच्या वारसदारांमुळे. व्हॅंकूव्हरच्या जेम्स मॅकइवन या अभियंत्याने (होय, अभियंत्याने!) शस्त्रक्रियेच्या पट्ट्याला मायक्रोप्रोसेसर जोडला. या मंडळींच्या पुढच्या यंत्रांत त्या रुग्णाच्या त्या पायाचं रक्त नेमकं किती दाबाला थांबतं हे आधी मोजायची सोय आली. ते कळलं की मग त्याच्या काही टक्केच दाब द्यायचा.

अमेरिकेत टेक्सासच्या सॅन अँटोनियोला 'सेंटर फॉर द इंट्रेपिड' नावाचं लष्करी पुनर्वसन केंद्र आहे, २००७ साली सुरू झालेलं. इराक-अफगाणिस्तानात स्फोटांत पाय छिन्नविच्छिन्न झालेले सैनिक तिथे यायचे. पाय वाचलेला, पण जड वजन पेलणं अशक्य. डीलॉर्मचा नियम जिथे थांबतो, बरोबर तिथे ते उभे होते. तिथले फिजिओथेरपिस्ट जॉनी ओवेन्स यांनी सर्जनचाच पट्टा उचलून त्यांच्या व्यायामाला लावला, आणि अमेरिकेतल्या दवाखान्यांत ही पद्धत शिरली ती तिथून. २०१९ साली या विषयातल्या संशोधकांनी मिळून शिफारशी छापल्या : रक्त पूर्ण थांबतं त्या दाबाच्या ४० ते ८० टक्के, वजन कमाल ताकदीच्या २० ते ४० टक्के, आणि फेऱ्या ३०, १५, १५, १५. मॅडम माझ्याकडून जे करून घेत होत्या, अगदी तेच.

मला सातोबद्दल आदर वाटतो, पण आता तो थोडा वेगळा आहे. आधी वाटायचं, काय हिंमत! आता वाटतं, त्याची खरी कमाई ती वही होती, आणि त्याहूनही आपली वही दुसऱ्याला तपासायला देण्याची तयारी. त्याची नक्कल करायची तर ट्यूबची करायची नसते.

काल मॅडमनी पुन्हा टेप काढली. फरक आता एक सेंटीमीटर. अर्ध्या किलोचे दोन किलो झालेत, आणि पुढच्या महिन्यापासून पट्टा बंद, नेहमीची वजनं सुरू, असं त्या म्हणाल्या. पट्टा बांधताना मी आता मुकाट्याने झोपून राहतो. त्या घोट्याजवळ छोटा डॉपलर धरतात, फुस्स फुस्स असा नाडीचा आवाज येतो, हवा भरत जाते, आवाज बारीक होतो आणि एका आकड्याला थांबतो. तो आकडा त्या वहीत लिहितात आणि मग बराचसा खाली येतात.

आणि हो, पोरीला शाळेतून आता मीच आणतो. चालत.